काकाजींचं गिऱ्हाईक

आधी माफी मागतो. लिहिणं हे ज्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट असतं त्यांचं काम, असं मला अजूनही वाटतं. आमच्या घरी कपाट एकच आहे आणि त्यात आई बियाण्याच्या पिशव्या ठेवते. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वाक्य चुकलं तर कोणाला दाखवून घ्यावं, असं घरात कोणी नाही. तरी लिहितो आहे, कारण हे मला तोंडानं सांगता आलं नाही. दोनदा सांगून पाहिलं. एकदा मित्र हसला. एकदा आई घाबरली आणि म्हणाली, "ते काम सोडून दे बाबू."

ते काम म्हणजे जागा-घरांची दलाली. आमचं गाव दवनीवाड्याजवळ. बाबा दुसऱ्याची बांधी, म्हणजे भाताचं शेत, ठेक्यानं घेऊन धान लावतात. मी गोंदियाला खोली करून राहतो. दुसऱ्या वर्षाला असताना गावच्या एकाला प्लॉटचे कागद वाचून दाखवले, मग दुसऱ्याला, आणि असं करत करत मी त्या लाईनीत आलो. सकाळी कॉलेज, दुपारी घरं दाखवणं. मला वाटायचं, या धंद्यात सगळे खोटं बोलत असतील. तसं नव्हतं. रजिस्ट्री ऑफिससमोरच्या टपरीवर बसणारे पाच-सहा दलाल एकमेकांशी इतक्या अदबीनं वागायचे, की कॉलेजातले प्राध्यापकही तसे वागत नाहीत.

ती अदब काकाजींनी घालून दिलेली होती. काकाजी म्हणजे त्यांच्यातले सर्वांत जुने. सत्तरीच्या पुढचे, पांढरा शर्ट, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. लहान-मोठ्या सगळ्या दलालांना ते 'तुम्ही' म्हणायचे. मलाही. पहिल्या दिवशी मी लाजून म्हटलं, "काकाजी, मला तुम्ही नका म्हणू." ते म्हणाले, "घरी तू म्हणीन जी. इथं तुम्ही."

त्यांची रीत अशी होती. रिकामं घर गिऱ्हाइकाला दाखवलं की दलालानं दाराच्या आतल्या बाजूला खडूनं आपली खूण करायची आणि शेजारी तारीख टाकायची. त्या दिवसापासून आठ दिवस त्या घरावर त्याचा पहिला हक्क. या आठ दिवसांत दुसऱ्यानं ते घर आपल्या गिऱ्हाइकाला दाखवलं तर चालतं, पण सौदा पक्का करायचा नाही. करायचाच असेल तर पहिल्याला विचारायचं. त्यानं 'सोडलं' म्हणायचं आणि स्वतःच्या हातानं खूण पुसायची. दुसऱ्याची खूण पुसायची नाही. दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाशी परस्पर बोलायचं नाही. आणि दुसऱ्याचं गिऱ्हाईक कोण, हे विचारायचं नाही. ही रीत यायच्या आधी म्हणे दोन दलाल एका प्लॉटवरून याच टपरीसमोर एकमेकांच्या कॉलरी धरून नालीत पडले होते. तेव्हापासून काकाजींचा शब्द सगळे पाळतात.

काकाजींची खूण म्हणजे एक गोल आणि त्याच्या मध्ये टिंब. माझी साधा त्रिकोण.

मार्चमध्ये माझ्याकडे एक जोडपं आलं. नवरा राईस मिलमध्ये मशीनवर, बायकोला सातवा महिना. त्यांच्या घरमालकाच्या मुलाचं लग्न अक्षय तृतीयेला होतं आणि मालकानं सांगून टाकलं होतं, की त्याआधी खोली रिकामी पाहिजे. बँकेचं कर्ज मंजूर झालेलं. फक्त घर सापडायचं होतं.

मला एक घर ठाऊक होतं. शहराच्या कडेला, जिथं प्लॉट संपून बांध्या सुरू होतात तिथं. तीन खोल्या, अंगण, दारात एकही पायरी नाही. मालकीणबाई रायपूरला मुलीकडे राहायच्या. त्यांनी सगळ्याच दलालांना सांगून ठेवलं होतं, कोणीही विका. किल्ली समोरच्या पंक्चरवाल्याकडे असायची. मागच्या बाजूला एक दार होतं, पण शेजाऱ्यानं त्याला लागून भिंत बांधल्यामुळे ते विटांनी बुजवलेलं. हे मला माहीत होतं, कारण पहिल्यांदा घर पाहायला आलो तेव्हा मी ते उघडायला गेलो होतो आणि कडी काढल्यावर समोर सिमेंट दिसलं होतं.

जोडप्याला दाखवायला नेलं त्या दिवशी दाराच्या आत गोल आणि टिंब होतं. तारीख त्याच दिवशीची.

आत गेलो तर घर झाडलेलं. खिडक्या उघडून परत लावलेल्या. कडीवरची धूळ तेवढी पुसली गेली होती. स्वयंपाकघरात ओट्यावर स्टीलचे चार ग्लास धुऊन पालथे घातलेले. खाली पाण्याचे चार गोल अजून वाळले नव्हते. गिऱ्हाइकाला पाणी द्यायची काकाजींची सवय, हे सगळ्यांना माहीत होतं. मी मनात हिशेब केला, एक ग्लास त्यांचा, म्हणजे गिऱ्हाईक तीन माणसांचं.

बाईंना घर फार आवडलं. त्या मधल्या खोलीत भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इथं पाळणा बांधता येते." मग माझ्याकडे वळून, "भाऊ, हेच पायजे."

मी बाहेर येऊन काकाजींना फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"तुमचं गिऱ्हाईक चांगलं दिसते जी," ते म्हणाले. "पण माझं बी मन लावून पाहून राहिलं. आठ दिवस द्या."

आठ दिवस दिले. नवव्या दिवशी गेलो तर नवी तारीख. ग्लास चार, पालथे. पुन्हा फोन केला. काकाजी तितक्याच मऊ आवाजात म्हणाले, "काल परत आले होते ते. आईले घर पसंत आहे, मुलगा जरासा अडून आहे. आठ दिवस."

मी पंक्चरवाल्याला सहज विचारल्यासारखं केलं, की काल कोण कोण आलं होतं. तो ट्यूबवरून हात फिरवत म्हणाला, "काकाजी आले ना. किल्ली नेली, तासाभरानं दिली."

"सोबत?"

त्यानं ट्यूब पाण्यात बुडवली आणि बुडबुडे पाहत राहिला. "मी कामात होतो भाऊ."

टपरीवर मी विषय काढला. काढायला नको होता. एक जाडेसे दलाल आहेत, नेहमी चेष्टा करणारे, ते एकदम गंभीर झाले. "काऊन गा बाबू, काकाजीचं गिऱ्हाईक तू कायले विचारतं? कॉलेजात हेच शिकवून राहिले का?"

दुसरे हिंदीत बोलणारे होते. ते म्हणाले, "छोड ना भाई. उनका ग्राहक, वो जानें."

"पण तुम्ही कोणी पाहिलं आहे का त्यांना?" मी विचारलं.

टपरीवाल्यानं चहा गाळायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मग जाडे दलाल हसले, पण नेहमीसारखं नाही. "आमी विचारत नाही तर पाहू कायले?" असं म्हणून त्यांनी खिशातून तंबाखूची डबी काढली आणि ती उघडलीच नाही. तेव्हा मला कळलं की हा प्रश्न या सगळ्यांच्या मनात आधीपासून आहे, आणि रीत आहे म्हणून तो कोणी विचारलेला नाही. किती दिवसांपासून, ते मी विचारलं नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला एका दुपारी मी एकटाच त्या घराकडे गेलो. ऊन असं होतं, की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. पंक्चरवाला म्हणाला, किल्ली काकाजींकडे आहे. दार लोटलेलं होतं. आतून काकाजींचा आवाज येत होता.

"ही खिडकी पूर्वेची. सकाळी ऊन येते, दुपारी नाही." मग थांबले. मग, "नाही नाही, तसं नाही, ओल नाही येत. हात लावून पाहा ना." पुन्हा थांबले. ते थांबणं मला अजून आठवतं. समोरचा माणूस जेवढा वेळ बोलेल तेवढंच ते होतं. मध्येच ते हसले, जसे आपण दुसऱ्याच्या बोलण्यावर हसतो. "आई, तुम्ही बसा. इथं टेका. घाई नाही."

दुसऱ्याचं दाखवणं चालू असताना आत जायचं नसतं. मी अंगणात कडुनिंबाखाली उभा राहिलो. पाऊण तास उभा होतो. घाम वाळून अंगावर मीठ झालं होतं. शेवटी काकाजी बाहेर आले. एकटे. त्यांनी दार ओढून घेतलं, मला पाहिलं आणि हात जोडले.

"वाट पाहायला लावली जी तुम्हाला. माफ करा."

"गिऱ्हाईक?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"गेले ते. मागच्या दारानं. आईले ऊन लागते ना समोरून."

मी मान हलवली. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. बोटं गार होती, आत्ताच ग्लास धुतल्यासारखी. ते गेल्यावर मी आत गेलो आणि मागच्या दाराची कडी काढली. विटा, सिमेंट, सिमेंटवर कोळ्याचं जाळं. ओट्यावर चार ग्लास.

त्याच आठवड्यात त्या बाईंचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या, हे जास्त वाईट होतं. "भाऊ, मालकानं मांडववाल्याले बोलावून आमच्या खोलीसमोरची जागा मोजली. मी का आता रस्त्यावर बाळंत होऊ? तुमचे आठ दिवस किती वेळा येतात, तेवढं सांगून द्या."

मी एक फडकं ओलं करून खिशात घातलं आणि त्या घरी गेलो. दार आतून लावलं. गोल आणि टिंब समोर होतं. एक हात फिरवला की काम होणार होतं. कोणाला दोष देता आला नसता. खडूच तो, पुसला जातो. फडकं मी दारापर्यंत नेलं. मग मला वाटलं की मधल्या खोलीत कोणीतरी मी पुसण्याची वाट पाहतंय. मी वळून पाहिलं नाही. फडकं खिशात घातलं, बाहेर आलो आणि काकाजींना फोन केला. म्हटलं, मला रीतीप्रमाणे विचारायचं आहे, समोरासमोर, त्याच घरात.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. मी जोडप्याची सगळी अडचण सांगितली. बाई आठव्या महिन्यात आहेत, अक्षय तृतीयेला बारा दिवस राहिलेत, दुसरं घर मिळत नाही. काकाजींनी मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाले, "तुम्ही विचारलं हे बरं केलं. आजकाल कोणी विचारत नाही. मी माझ्या गिऱ्हाइकाले विचारतो."

"मी बोलू का त्यांच्याशी?" मी हे का म्हटलं, मला माहीत नाही.

"नाही जी. तुम्ही परस्पर नाही बोलायचं."

ते मधल्या खोलीत गेले. दार अर्धं लावलं. मी बाहेरच्या खोलीत. त्यांचा हळू आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग बराच वेळ काहीच नाही. त्या वेळात मी दाराखालून बाहेर येणारी उजेडाची पट्टी पाहत होतो. ती मध्ये एकदा तुटली, कोणी दारापलीकडून गेल्यावर तुटते तशी. काकाजी असतील. खोलीत ते होते, तेच असतील.

ते बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. "सोडलं त्यांनी," ते म्हणाले. "आई म्हणाल्या, पोटुशी बाईचं घर आम्ही नाही अडवत." खिशातून रुमाल काढून त्यांनी दारावरचा गोल पुसला. आधी टिंब, मग गोल.

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी मला धरलं. "एक आहे. यांना आता दुसरं घर पायजे. माझ्यानं होत नाही. पाय दुखतात, नावं इसरतो. माझा मुलगा फोन लपवून ठेवते. हे गिऱ्हाईक मी तुमच्या हवाली करतो. तुम्ही विचारणारे आहात."

मी "हो" म्हटलं. त्या बाईंसाठी म्हटलं, असं मी स्वतःला सांगत होतो.

"मग नमस्कार करा त्यांना. ओळख झाली पायजे."

मी मधल्या खोलीच्या दारात उभा राहिलो आणि रिकाम्या खोलीला नमस्कार केला. काकाजींनी माझ्या मागून सांगितलं, "आईले पायऱ्या चढवत नाहीत. तेवढं लक्षात ठेवा."

जोडपं अक्षय तृतीयेच्या चार दिवस आधी त्या घरात राहायला गेलं. बाईंनी मला नवा शर्ट दिला. त्यांना मी काही सांगितलं नाही. घर विकलं गेलं. त्यात दलालानं आपलं भय घालायचं नसतं.

पण मी 'हो' म्हटलं होतं, आणि काकाजी फोन करू लागले. मुलाची नजर चुकवून, शेजाऱ्याच्या फोनवरून. "काय जी, दाखवलं का काही?" मी एकदा खोटं बोललो की पाहतो आहे. नंतर खोटं बोलवेना. सौंदडला स्टेशनजवळ एक घर माझ्याकडे आलं होतं. एका रविवारी मी तिथं गेलो. दार उघडलं आणि बाजूला झालो. तिघांना आत जायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ बाजूला उभा राहिलो. मग आत जाऊन म्हणालो, "ही समोरची खोली." माझाच आवाज मला दुसऱ्याचा वाटला. मागे वळलो तर दाराच्या तीन पायऱ्या दिसल्या. येताना त्या मी पाहिल्याच नव्हत्या. मी म्हटलं, "माफ करा आई, पायऱ्यांचं माझ्या लक्षात नाही राहिलं." हे मी मोठ्यानं म्हटलं. मग स्टेशनवर गाडी आली, खिडकीची काच थरथरली, आणि मी खडू काढून दाराच्या आत एक गोल, टिंब आणि शेजारी त्रिकोण काढला. दोघांचं गिऱ्हाईक असलं की दोघांच्या खुणा करतात.

तीन दिवसांनी सौंदडच्या एका दलालाचा फोन आला. अनोळखी माणूस, पण रीत तिथपर्यंत गेलेली होती. "साहेब, तुमची आणि काकाजीची खूण पाहिली. गिऱ्हाईक आहे ना तुमचं? असेल तर मी थांबतो."

दुसऱ्या बाजूला ते शांतपणे वाट पाहत होते. नाही म्हटलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं.

"आहे," मी म्हणालो. "आठ दिवस द्या."

मग परीक्षा सुरू झाली. काकाजींचा फोन आला तेव्हा मी त्यांनाही तेच सांगितलं, आठ दिवस. ते म्हणाले, "बरं जी. तुम्ही अभ्यास करा. त्यांना मी सांगतो, थांबतील ते." सौंदडचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. पायऱ्या होत्या ना, सांगायची लाज वाटली. शेवटच्या पेपरला मी फोन बंद करून बाहेर ठेवला होता. परत चालू केला तर त्याच शेजाऱ्याच्या नंबरवरून सात वेळा फोन येऊन गेला होता. मी लावला, कोणी उचलला नाही. टपरीवर गेलो तर जाडे दलाल म्हणाले, "काकाजी सकाळपासून घरी नाहीत. पोरगा शोधून राहिला." पानठेल्यावाल्यानं त्यांना स्टेशनकडे जाताना पाहिलं होतं. चार पावलं चालायचे, म्हणाला, आणि थांबून मागं पाहायचे.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे फिरलो. दलालच जास्त होते. रिकामी घरं आम्हालाच माहीत. प्रत्येक दार उघडून आत हाक मारायची आणि दाराच्या आतली बाजू पाहायची. कुठंच नवी खूण नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. मी कधी त्याच्याशी बोललो नव्हतो. आवाज बसलेला होता.

"बाबा सापडले. सालेकशाला, स्टेशनच्या बाकावर. बरे आहेत, जेवले. पण मले ओळखलं नाही. मी म्हटलं बाबा घरी चला, तर हात जोडून म्हणते, तुम्ही कोणाचं गिऱ्हाईक आहात जी? पहिले त्याले विचारा, मी परस्पर नाही बोलत." मग आवाज खाली आणून म्हणाला, "भाऊ, ते तुमचं नाव घेऊन राहिले. म्हणतात, तिघांना गाडीत बसवून दिलं, त्यांना घर भेटलं. सौंदडला म्हणे. तुमी दिलं."